सहा त्रिकं आणि एक

टायनी ट्रेझाईझची जर्सी त्याची बायको दर रविवारी धुवायची, आणि ती दर रविवारी स्वच्छच असायची. निळ्या-पांढऱ्या उभ्या पट्ट्या आणि पाठीवर तेवीस आकडा. शनिवारी सकाळी टायनी ती अंगात घालायचा, वर प्रशिक्षकाचा लांब तपकिरी कोट चढवायचा, गळ्यापर्यंत बटणं लावायचा आणि मैदानावर जायचा. संध्याकाळी कोट खुंटीला आणि जर्सी धुण्याच्या टोपलीत. ना चिखल, ना घाम, ना गवताचा डाग. ब्रॉन्विन ती तारेवर वाळत घालायला लागली की शेजारीण कुंपणापलीकडून विचारायची, काल पण नाही का खेळला? ब्रॉन्विन म्हणायची, नाही बाई, पण कोटाच्या आत फार धावपळ झाली असणार.

टायनी म्हणजे चिमुकला. माणूस साडेसहा फुटी. पोर्ट वेर्ना गावात टक्कल पडलेल्याला कुरळ्या म्हणतात आणि तोंड न मिटणाऱ्याला मुका म्हणतात, तेव्हा या ताडाच्या झाडाचं दुसरं काही नाव पडणं शक्यच नव्हतं. खरं नाव वॉरिक. ते त्याच्या लग्नात पाद्र्याने घेतलं, त्यानंतर फारसं कोणी घेतलं नाही.

अठराव्या वर्षी तो गाव सोडून मेलबर्नला गेला, तिथल्या फुटबॉलच्या मोठ्या क्लबात, पगारी खेळाडू म्हणून. अकरा हंगाम, एकशे सत्त्याऐंशी सामने. तो उडीवाला होता. मैदानाच्या मध्यावर पंच लांबोळा चेंडू जमिनीवर आपटून उंच उसळवतो, दोन्ही बाजूंचा एकेक उंच गडी त्याच्यावर झेप घेतो, आणि जो आधी पोचेल तो चेंडू आपल्या माणसांकडे थापटतो. टायनी आधी पोचायचा. कसा, ते त्याच्या पायांना ठाऊक होतं, त्याला नव्हतं. उजव्या गुडघ्यावर तीन शस्त्रक्रिया झाल्यावर डॉक्टर म्हणाला, चौथ्यांदा माझ्याकडे येशील तेव्हा वाटेत एक काठी विकत घेऊन ये. मग टायनी गावाकडे परतला, आणि गावाने बँड वाजवून त्याला आपल्या क्लबाचा प्रशिक्षक केलं.

इथेच खरी पंचाईत झाली. टायनीला सगळं करून दाखवता यायचं, सांगता काही यायचं नाही. गुरुवारच्या सरावाला तो आपल्या उडीवाल्याला, म्हणजे डेन नोस्केला, समोर उभा करायचा आणि हातवारे करत म्हणायचा, "हे बघ, तो उडतो ना, तेव्हा तू नाही. तो उडला की मग तू. पण आधी तू आहेस असं त्याला वाटलं पाहिजे. कळलं?" चोवीस वर्षांचा डेन, गव्हाच्या शेतातला घट्ट डोक्याचा पोरगा, बराच वेळ विचार करून म्हणायचा, "बरं." आणि शनिवारी जाऊन पुन्हा सगळ्यांच्या आधी उडायचा. पालथ्या घड्यावर पाणी. पहिल्या हंगामात सोळांतले तीन सामने जिंकले, त्यांतल्या एका सामन्यात समोरच्यांच्या निम्म्या संघाला गोवर झाला होता.

एकच गोष्ट टायनीला नीट सांगता यायची. आधी मोज, मग पाय टाक. मेलबर्नच्या त्याच्या अकरा वर्षांत क्लब एकदाच अंतिम सामन्याच्या दारापर्यंत पोचला होता. शेवटच्या मिनिटाला त्याच्या पाठीमागे शत्रूचा एक गडी मोकळा उभा राहिला, कोणी मोजलाच नाही, आणि त्या न मोजलेल्या गड्याने गोल ठोकला. टायनीला तो गडी अजून स्वप्नात यायचा, पाठमोरा. म्हणून खेळ कुठेही थांबला की आपले किती, त्यांचे किती, हे डोळ्यांनी मोजायचं, हा धडा त्याने पोरांना दोन वर्षं इतका घोकायला लावला की त्यांच्या बायकासुद्धा बाजारात भाज्या मोजताना हसायच्या.

सगळ्यात जास्त हसायचा केल्विन पास्को. वय तेहतीस, अंगाने सगळ्यांत छोटा, जिभेने सगळ्यांत लांब, आणि घरी चार हजार मेंढ्या. मेंढरांच्या मुलखात माणूस एकेक करून मोजत नाही. फाटक अर्धवट उघडायचं, मेंढरं धावत बाहेर पडू लागली की तीन-तीनच्या झुंडीने नजर टाकायची. एक त्रिक, दोन त्रिकं, तीन त्रिकं, आणि शंभर त्रिकांना बोटाने एक खूण. चार हजार मेंढरं चहा निवायच्या आत मोजून होतात. टायनीचा बाप पडला कोळी. मासे वजनावर जातात, मोजत कोण बसतंय. त्यामुळे टायनी बोट दाखवून एक, दोन, तीन असा मोजायचा आणि पास्को गुडघ्यावर थापा मारत म्हणायचा, "टायनी, माझ्याकडे मोजणीला ये लेका. आज सुरू कर, नाताळपर्यंत होईल."

तरीही दुसऱ्या हंगामात गाडी रुळावर आली. का आली ते टायनीला नीटसं कळलं नव्हतं. साखळीचा शेवटचा सामना उरला, तोही घरच्या मैदानावर, शेजारच्या कुल्डा गावाशी. जो जिंकेल तो बाद फेरीत. पोर्ट वेर्नाने बाद फेरीचं तोंड चौदा वर्षांत पाहिलं नव्हतं.

गुरुवारी संध्याकाळी टायनी शनिवारच्या संघाची यादी घेऊन अर्न वीडनबाखच्या मटणाच्या दुकानात गेला. अर्न गावचा खाटीक आणि क्लबाचा अध्यक्ष, आणि संघाची यादी त्याच्या दुकानाच्या काचेवर लागते, तीस वर्षं. अर्नने यादी घेतली, हात फडक्याला पुसले, आणि आडवळण न घेता सांगितलं की जिंकलो तर पुढची दोन वर्षं तूच प्रशिक्षक. हरलो तर ॲडलेडचा एक जण यायला तयार आहे. "चांगला माणूस आहे," अर्न म्हणाला, आणि सुरी उचलत पुढे म्हणाला, "आणि तो खेळतोसुद्धा."

ते शेवटचे शब्द टायनीच्या वर्मी लागले. घरी येईपर्यंत तो तेच चघळत होता. प्रशिक्षकाची नोकरी गेली तर तो दुसरं काय करणार होता? बोटीवर त्याला उलट्या व्हायच्या, मेंढरं त्याला मोजता येत नव्हती. आणि या कामाची त्याला आता खरोखर गोडी लागली होती. डेन एखाद्या दिवशी 'बरं' ऐवजी काही वेगळं म्हणेल, याची तो दोन वर्षं वाट बघत होता.

ब्रॉन्विनने यादीची दुसरी प्रत टेबलावर पाहिली. मैदानावर अठरा जण असतात, बाकावर तीन, एकूण एकवीस. एकविसावं नाव नेहमीप्रमाणे वॉ. ट्रेझाईझ. गुडघ्यासाठी पुन्हा न खेळण्याची आण तिनेच त्याला घातली होती, आणि ती त्याने मोडली नव्हती, म्हणून ती आजवर गप्प होती. आज मात्र बोलली.

"हे नाव तू कशाला लिहितोस?"

"कोणी जायबंदी झाला तर असावा एक."

"एकतीस सामन्यांत कोणी झालाच नाही?"

"झाले की."

"मग?"

टायनीने खिमा-बटाटा भरलेल्या पेस्टीचा तुकडा मोडला आणि सॉसमध्ये बुडवून तसाच ठेवला.

"तू अजून प्रशिक्षक झालाच नाहीस, टायनी," ती म्हणाली. "तू कोट घालून पाळीची वाट बघणारा खेळाडू आहेस." तिच्या आवाजात राग नव्हता, म्हणून ते जास्त लागलं. शनिवारी सकाळी त्याने जर्सी घातलीच. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, आणि हा सुंभ तर पुरता जळालाही नव्हता.

शनिवारी दहा वाजल्यापासूनच मैदानाला गाड्यांचं कडं पडलं. नाकं मैदानाकडे, काचा वर, आत थर्मास आणि घोंगड्या. ऑगस्टचा, म्हणजे तिकडच्या ऐन हिवाळ्यातला, वारा समुद्रावरून येऊन थेट हाडांत शिरत होता. बायकांच्या पत्र्याच्या खोलीतून पेस्ट्यांचा वास सुटला होता. आपल्या बाजूने गोल झाला की सगळ्या गाड्यांचे भोंगे एकदम वाजतात, आणि चार पावांच्या सामन्यातल्या पहिल्या दोन पावांत ते इतके वाजले की चर्चच्या मनोऱ्यावरचे पारवे उडून गेले ते संध्याकाळपर्यंत फिरकले नाहीत. तिसऱ्या पावात मात्र कुल्डाचे भोंगे वाजले. कुल्डाचा कप्तान रॉईस मज, गुरांच्या बाजारातला लिलाववाला, नुसत्या आवाजाने माणसं हलवत होता. त्यांचा नवा उडीवाला डेनपेक्षा चार बोटं उंच होता आणि प्रत्येक उसळीला डेनला मागे टाकत होता.

तिसरा पाव संपला की पोर्ट वेर्नात सगळं गाव मैदानात उतरतं. खेळाडू मध्ये गोल करून उभे राहतात, मधोमध प्रशिक्षक, आणि भोवती म्हातारे, तान्ही पोरं, कुत्री, पेस्टी खाणारे आणि सल्ला देणारे. प्रशिक्षक काय बोलतो ते सगळ्यांना ऐकायचं असतं, आणि आठवडाभर त्यावर बोलायचंही असतं. टायनीला या दहा मिनिटांची धडकी भरायची. एकशे सत्त्याऐंशी सामने नव्वद हजार माणसांपुढे खेळताना त्याला कधी घाम फुटला नव्हता, आणि इथे अर्नचं कुत्रं टक लावून बघायला लागलं की काय सांगायचं तेच तो विसरायचा.

"तर," तो म्हणाला. "तर डेन, तो उडतो ना."

"तेव्हा मी नाही," डेन म्हणाला. धापा टाकत होता, कपाळावर खोक पडली होती.

"हां. आणि बाकीच्यांनी मोजा. खेळ थांबला की मोजा."

"एकेक करून का?" पास्कोने विचारलं, आणि अख्खं गाव हसलं. टायनीही हसला, पण त्याचा हात कोटाच्या वरच्या बटणाशी गेला होता. ते ब्रॉन्विनने पाहिलं. पेस्टीचा ट्रे हातात धरून ती अर्नच्या मागे उभी होती.

चौथ्या पावात नऊ मिनिटं उरली तेव्हा कुल्डाचे पंच्याहत्तर होते, पोर्ट वेर्नाचे एकाहत्तर. चार गुणांचा फरक. उंच खांबांमधून चेंडू गेला तर सहा मिळतात, थोडक्यात हुकला तर एक, म्हणजे एकच गोल हवा होता. पण मध्यावरची उसळी जिंकल्याशिवाय चेंडू पुढे येत नव्हता, आणि ती डेन पुन्हा हरला. टायनीच्या पायांना ते असह्य झालं. डोक्याचं माहीत नाही, पण पायांना झालं. त्याने निरोप्या मर्व्हला हाक मारली. प्रशिक्षकाचा निरोप धावत जाऊन खेळाडूंना सांगायचा, हे मर्व्हचं काम. अठ्ठावन्न वर्षांचा मर्व्ह आठवडाभर गावात टपाल वाटायचा आणि शनिवारी मैदानात.

"डेनला बाहेर पाठव," टायनी म्हणाला. "त्याच्या जागी मी."

मर्व्हने त्याच्याकडे एकदा पाहिलं, गुडघ्याकडे एकदा पाहिलं, आणि निघाला. एक बाहेर आल्याशिवाय दुसऱ्याने आत जायचं नाही, हा नियम दुधपित्या पोरालाही ठाऊक असतो. टायनीने कोट काढून खुर्चीवर टाकला. एकदम अठरा वर्षांचं झाल्यासारखं वाटलं. समोरून चेंडू येताना दिसला, डेनचा पाय रेषेकडे वळल्यासारखा वाटला, आणि टायनी बाकांजवळच्या दोन पिवळ्या शंकूंमधून आत शिरला आणि पळत सुटला. गाड्यांमधून एक आरोळी उठली. गावाने तेवीस आकडा इथे तेरा वर्षांनी पाहिला होता. तो खुशीत पळाला, लंगडत पण खुशीत, आणि मैदानाच्या मध्यापर्यंत पोचला, तर समोरून मर्व्ह परत येताना दिसला. ज्याला निरोप द्यायचा तोच समोरून पळत येतोय, हे मर्व्हच्या तीस वर्षांच्या टपालखात्यात कधी झालं नव्हतं.

"डेन येत नाही," मर्व्ह धापा टाकत म्हणाला. "म्हणतो, त्याला सांग, मला सापडलंय."

"काय सापडलंय?"

"ते नाही सांगितलं. पण टायनी, तू इथे काय करतोयस?"

टायनी जागच्या जागी थांबला. डेन मध्यावर उभा होता, कमरेवर हात ठेवून. म्हणजे अठरा जण आतच होते, आणि तो एकोणिसावा. इतक्यात चेंडू रेषेबाहेर गेला, खेळ थांबला, आणि पलीकडे रॉईस मजने उजवा हात वर करून पंचाला हाक मारली. लिलाववाल्याचा आवाज तो. समुद्रावरच्या बोटींनाही ऐकू गेला असेल.

"पंच, यांची डोकी मोजा."

हा नियम पुस्तकात आहे आणि बहुतेक पुस्तकातच राहतो. समोरच्यांचा एखादा गडी जास्त आहे असं वाटलं तर कप्तान मोजणी मागू शकतो. जास्त निघाला तर त्या संघाचे तोवरचे सगळे गुण पुसले जातात. सगळे. एकाहत्तरचं शून्य. जास्त नाही निघाला तर मात्र मोजणी मागणाऱ्यालाच भुर्दंड, आणि चेंडू समोरच्यांच्या हातात फुकट. म्हणून शहाणा कप्तान खात्री असल्याशिवाय हात वर करत नाही, आणि मज दर मंगळवारी दोन हजार जनावरं मोजून विकणारा माणूस होता.

पंचाने शिट्टी वाजवली. तो गावाबाहेरचा एक दंतवैद्य, थंड आणि सावकाश. पोर्ट वेर्नाच्या सगळ्यांनी मध्यावर एका ओळीत या, तो म्हणाला, आणि हाक दिल्यानंतर मैदान सोडून कोणी जायचं नाही. चारी बाजूंनी निळे-पांढरे गडी येऊ लागले. भोंगे बंद झाले. वाऱ्याचा आवाज तेवढा राहिला.

टायनी ओळीच्या शेवटाला जाऊन उभा राहिला. त्याला इतकी लाज आयुष्यात वाटली नव्हती. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. दोन वर्षं पोरांना मोजा मोजा म्हणून पिडलं, आणि गावाचे गुण पुसायला स्वतः न मोजता पळत आला. त्याला अर्नची सुरी आठवली, मग डेनची कपाळावरची खोक, मग ब्रॉन्विनचा ट्रे. आपण होऊन सांगून टाकावं असं ठरवून त्याने तोंड उघडलं.

"मोजताना बोलायचं नाही," पंच म्हणाला.

तो एकेकाच्या छातीला बोट लावत आला. चेंडू दिवसभर चिखलात लोळलेला, त्यामुळे बोटही चिखलाचं. एक. दोन. तीन. एकेक करून, थेट टायनीसारखं. मज दोन पावलांवरून स्वतःच्या हिशेबाने बघत होता, आणि त्याच्या चेहऱ्यावरचं हसू अर्ध्या ओळीनंतर जरा आक्रसल्यासारखं टायनीला वाटलं. चौदा. पंधरा. डेन सोळावा. सतरा. पंचाचं बोट टायनीच्या छातीवर टेकलं. टायनीने डोळे मिटले.

"अठरा," पंच म्हणाला.

त्याने ओळीच्या पलीकडे पाहिलं, पलीकडे गवत होतं. उलट्या बाजूने पुन्हा मोजलं. पुन्हा अठरा.

टायनीने डोळे उघडले आणि ओळीवरून नजर फिरवली, पहिल्यांदाच नीट. कोण नाही? सगळ्यांत छोटा नाही. मग त्याने बाकाकडे पाहिलं. प्रशिक्षकाच्या खुर्चीवर केल्विन पास्को बसला होता, टायनीचा तपकिरी कोट खांद्यावर पांघरून, संत्र्याची फोड चोखत. कोटाच्या बाह्या जमिनीवर लोळत होत्या.

मजने हात वर केला त्या क्षणी पास्कोचा एक पाय रेषेबाहेर होता की दोन्ही, यावर गावातल्या पबमध्ये आजही दोन मतं आहेत, आणि दोन्ही मतांचे लोक पोर्ट वेर्नाचेच आहेत. मज पंचाला सांगत राहिला की मी एकोणीस मोजले, माझे डोळे कधी चुकत नाहीत. बाकावरून पास्कोचा आवाज आला, "मंगळवारी पण तू एक मेंढा जास्तच मोजतोस, रॉईस." त्यावर कुल्डाच्या गाड्यांतूनसुद्धा हसू फुटलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. पंचाने चेंडू पोर्ट वेर्नाच्या कप्तानाला देऊन टाकला.

आता टायनी मैदानात होता, नियमाने होता, गुडघा ठीक होता, आणि सहा मिनिटं उरली होती. अख्खं गाव तेवीस-तेवीस ओरडत होतं. त्याने डेनकडे पाहिलं. डेन त्याच्याकडे बघतही नव्हता. तो कुल्डाच्या उडीवाल्याच्या पायांकडे बघत होता, मेंढरं बाहेर यायच्या आधी फाटकाकडे बघतात तसा. टायनी वळला आणि दोन पिवळ्या शंकूंकडे चालत निघाला. पळाला नाही, चालला. रेषेबाहेर पडून तो पास्कोसमोर उभा राहिला.

"कसं कळलं तुला?"

पास्कोने संत्र्याची साल खिशात टाकली. टायनीच्याच खिशात. "तू ओरडून ओरडून सवय लावलीस ना. मान वर केली, मोजलं. सहा त्रिकं आणि एक. कोणीतरी उरत होता." तो उठला, कोट टायनीच्या खांद्यावर टाकता येईना म्हणून त्याच्या हातात दिला. "तुला परत पाठवायला वेळ नव्हता. म्हणून मी आलो."

"आणि डेनला काय सापडलंय?"

"तूच बघ की. प्रशिक्षक तू आहेस," पास्को म्हणाला आणि मैदानात पळाला.

टायनी खुर्चीवर बसला, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून. मोफत मिळालेल्या चेंडूचं काही झालं नाही, तो गड्यांच्या गर्दीत अडकला आणि पुन्हा उसळी आली. पंचाने चेंडू आपटला. डेनने झेप घेतल्यासारखा खांदा उचलला, आणि खांदाच उचलला. कुल्डाचा ताडमाड गडी फसून वर गेला, रिकाम्या हवेत हात मारून खाली येऊ लागला, आणि तेव्हा कुठे डेन उडाला. आरामात, जिना चढल्यासारखा. चेंडू त्याने हळूच मागे थापटला. टायनीच्या तोंडून आवाज निघाला तो शब्द नव्हता. दोन वर्षं हातवारे करून जे सांगता आलं नाही ते समोर घडत होतं, आणि त्याचे स्वतःचे पाय जमिनीवर होते, आणि पायांची काही तक्रार नव्हती.

पुढच्या उसळीलाही तेच झालं. तिसऱ्या उसळीला चेंडू पास्कोच्या हातात आला. पास्कोने मारायच्या आधी मान वर केली. टायनीला त्याचे ओठ हललेले दिसले. मग त्याने सगळ्यांची तोंडं होती त्याच्या उलट दिशेला चेंडू मारला, जिथे पोर्ट वेर्नाचा एक गडी एकटा उभा होता, कुल्डाने न मोजलेला. गोल. सत्त्याहत्तर विरुद्ध पंच्याहत्तर. भोंगा झाला तेव्हाही आकडे तेच होते, फक्त तो सामना संपल्याचा भोंगा गाड्यांच्या भोंग्यांत कोणाला ऐकूच गेला नाही, आणि दोन्ही संघ जवळजवळ मिनिटभर उगाचच खेळत राहिले.

अर्नने टायनीला मिठी मारली आणि पुढच्या दोन वर्षांचं कानात ओरडून सांगितलं. कुत्रं भुंकत होतं. मज येऊन हात मिळवून गेला, वर म्हणाला, एकोणीसच होते. "होते," टायनी म्हणाला, "पण एकाने मोजलं." ब्रॉन्विन सगळ्यांच्या शेवटी आली. तिने त्याच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं, आणि छातीवरच्या पांढऱ्या पट्टीवर उमटलेल्या चिखलाच्या बोटावर तिची नजर थांबली.

"हे काय?"

"मी अठरावा," टायनी म्हणाला. हसता हसता त्याचे डोळे भरून आले, आणि ते त्याने लपवले नाहीत.

"धुऊन निघेल," ती म्हणाली, आणि त्याच्या कोटाचं वरचं बटण लावून दिलं.

गुरुवारी बाद फेरीची यादी लागली तेव्हा वीडनबाखच्या काचेसमोर तीस-चाळीस माणसं जमली होती. पास्को पुढे घुसला आणि काचेवर बोट फिरवू लागला. तीन नावं, तीन नावं, तीन नावं. सगळ्यांत खाली ट्युना बोटीवरून नुकत्याच परतलेल्या ट्रेवर हॅनसनचं नाव होतं, आणि त्याच्यापुढे आकडा लिहिला होता तेवीस. पास्कोचं बोट थांबलं. तो पुन्हा वर गेला आणि पुन्हा खाली आला.

"सात त्रिकं," तो म्हणाला. "उरलं कोणी नाही."

"माहीत आहे," मागून टायनी म्हणाला. "मोजूनच लिहिलंय. तीन-तीन करून."